पुरात हॅम रेडिओ वापरायचाय? परवाना कसा काढायचा आणि काय करता येत नाही

2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा मोबाईल बंद पडले, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच की ऑनलाईन वॉकीटॉकी घेऊन ठेवू का. हॅम म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस. त्याच्या बँडवर (त्यासाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींवर) बोलणारा हँडसेट असेल तर परवान्याशिवाय नको. आणि पूर आल्यावर परवाना मिळत नाही, तो आधीच काढायला लागतो.

वय 12 पूर्ण पाहिजे, डिग्री लागत नाही. अर्ज केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, आणि अर्जदार अल्पवयीन असेल तर पालकांची संमती, हे सगळं आधीच स्कॅन करून ठेवा आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना बघा. मग परीक्षा, थोडी रेडिओची थिअरी आणि थोडे नियम. आपल्याकडे मुंबई (बोरिवलीला गोराई रोडवर), नागपूर आणि गोवा इथे केंद्राची वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन्स आहेत, परीक्षा तेच घेतात. परवान्याचे दोन प्रकार, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेषांची लिपी) लागत नाही, जनरलला लागतो. पास झालात की परवान्याचा अर्ज वेगळा, फी 20 वर्षांसाठी 1000 किंवा आजीवन 2000 रुपये, आणि मग कॉल साईन, म्हणजे रेडिओवरची तुमची ओळख, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू3 ने सुरू होणारी, जनरलला व्हीयू2 ने. पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ जातो, म्हणून दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका, मे महिन्यात धावपळ करू नका.

आता महत्त्वाचं. एरवी दुसऱ्या कोणाचा निरोप हॅमवरून द्यायचाच नसतो. भूकंप, पूर, चक्रीवादळ अशा वेळी नेहमीची यंत्रणा कोलमडली तरच ती मुभा आहे, तीही जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर आणि त्या आपत्तीपुरतीच. साध्या भाषेत बोलायचं, कोडवर्ड नाही, धंद्याचं काही नाही, चॅनलवाल्यांना बातम्या पुरवणं नाही. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सीवर घुसायचा विचारही करू नका, तिथे तुमच्यामुळे खऱ्या कामाचा कॉल अडकू शकतो.

26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांची टीम सरकारी परवानगीने पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन चालवत होती, म्हणून पहिल्या दिवसापासून अंदमानातून निरोप बाहेर जाऊ शकले. परवानगी, अँटेना, सराव, सगळं लाट यायच्या आधीचं होतं.

निरोप कसा असावा? "देवळामागच्या दुमजली घरात 12 माणसं, एक डायलिसिसचा पेशंट, बोट पाहिजे." कोणाकडून, कोणासाठी, किती वाजता हे वहीत लिहायचं, पलीकडच्याकडून पूर्ण वाचून घ्यायचं, आकडे तर दोनदा. "बरेच लोक अडकलेत" यावर कंट्रोल रूमला काहीच करता येत नाही. तुमचं काम निरोप पोचवायचं, बोट कुठे पाठवायची ते तहसीलदार ठरवतील. आणि फोन लागत असेल तर आधी 112 किंवा 1077 (जिल्ह्याची आपत्ती हेल्पलाईन).

परवाना हातात आला की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन कॉल साईन, गाव आणि बॅटरीवर सेट किती तास चालतो एवढं लेखी देऊन या.