अरेंजर (हिंदी चित्रपटसंगीत)

संगीतकाराच्या चालीभोवतीचं वाद्यसंगीत लिहून काढणारा आणि ते वादकांकडून वाजवून घेणारा तो अरेंजर, मराठीत संगीत संयोजक. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये साधारण १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची तीसेक वर्षं या कामाचा मोठा जोर होता आणि त्यातली बरीचशी मोठी नावं गोव्याच्या ख्रिश्चन वादकांची आहेत. टायटलमध्ये मात्र ती 'सहाय्यक' म्हणून येतात, कित्येकदा येतच नाहीत.

सुरुवात कोणी केली यावर एकमत नाही. एक मत असं की हे श्रेय अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा या दोघा गोव्याच्या अरेंजरांचं. दुसरं मत आणखी मागे जातं: पुण्यात प्रभातमध्ये केशवराव भोळ्यांनी १९३० च्या दशकातच पियानो, हवाईयन गिटार अशी वाद्यं आणली होती, कलकत्त्यात न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेत संगीतकार रायचंद बोराल होते, आणि नाझी राजवटीच्या काळात १९३४ साली मुंबईला आलेले वॉल्टर कॉफमन, म्हणजे आकाशवाणीची सिग्नेचर ट्यून ज्यांच्या नावावर सांगितली जाते ते, त्यांनीही इथल्या सिनेमांना संगीत दिलं होतं. हे सगळं खरंच आहे, पण परदेशी वाद्य वापरणं वेगळं आणि वीसतीस वादकांना प्रत्येकाचा वेगळा पार्ट कागदावर लिहून देणं वेगळं. रोजच्या गाण्यांसाठी हे दुसरं काम सर्रास सुरू झालं ते गोव्याची मंडळी मोठ्या संख्येने स्टुडिओत आल्यावरच, त्यामुळे एका कुणाला 'पहिला' म्हणण्यापेक्षा याला एका पिढीचं काम म्हणणं जास्त बरोबर वाटतं. वादकांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन लिहिणारे ग्रेगरी बूथ यांच्या मांडणीतही एखाद्या नावापेक्षा काम करायच्या पद्धतीलाच वजन आहे.

ही मंडळी तयार कशी झाली याचं उत्तर गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये आहे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या या शाळांत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना सोल्फेज (स्वरांची नावं घेत गाणं), व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकवायचे. गोन्साल्विस यांचे वडील माजोर्डाच्या चर्चमध्ये असेच संगीत शिकवायचे. हे शिक्षण घेतलेली पोरं मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्याच्या गावागावांनी चालवलेल्या वसतिगृहांमध्ये, राहायची, हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा रेकॉर्डिंगला जायची, कारण समोर ठेवलेला कागद बघून लगेच वाजवणारे वादक दुसरीकडे एवढ्या संख्येने मिळत नव्हते.

कामाची रीत अशी की संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा, अरेंजर ती नोटेशनमध्ये उतरवायचा आणि मग इंट्रो, मुखडा-अंतऱ्यामधली म्युझिकं आणि गायकाच्या ओळीमागे चालणारी दुसरी सुरावट म्हणजे ऑब्लिगेटो, हे सगळं लिहायचा. खरी अडचण हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून वाजवण्याची. आपली चाल रागावर उभी असते, सूर एकामागून एक येतात, आणि तिच्याखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे तीनचार सूर) लावायची तर एखादा वर्ज्य सूर सहज घुसतो आणि राग बिघडतो. सेबॅस्टियन यांनी यावर जी वाट काढली ती म्हणजे जड कॉर्ड न देता व्हायोलिनच्या ताफ्याला स्वतंत्र सुरावट देणं. 'श्री ४२०' (१९५५) मधलं 'प्यार हुआ इकरार हुआ' लावा आणि एकदा आवाज सोडून फक्त मागची व्हायोलिनं ऐका, म्हणजे ती गायकाची नक्कल न करता त्याला उत्तर देतात हे कळतं. सगळं एकाच वेळी लाइव्ह रेकॉर्ड व्हायचं, कोणाचा एक सूर चुकला की टेक पुन्हा.

सेबॅस्टियन फाळणीआधी लाहोरला होते, मुंबईत आल्यावर ओ. पी. नय्यर आणि मुख्य म्हणजे शंकर-जयकिशन यांच्याकडे त्यांनी दोनेक दशकं काम केलं. शंकर-जयकिशनच्या टायटलमध्ये त्यांच्या जोडीला दत्ताराम हे नाव दिसतं, ते दत्ताराम वाडकर. ते तालाची बाजू बघायचे, 'दत्ताराम ठेका' त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि 'परवरिश' (१९५८) ला त्यांनी स्वतंत्र संगीत दिलं.

गोन्साल्विस (१९२७–२०१२) नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवायला लागले आणि पुढे अरेंजर झाले. प्यारेलाल त्यांचे शिष्य. रागसंगीत आणि सिम्फनी एकत्र आणायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, १९५८ साली त्यासाठी मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे गायले. १९६० च्या दशकात ते अमेरिकेला गेले आणि परतल्यावर सिनेमापासून दूर माजोर्डालाच राहिले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे प्रसिद्ध गाणं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, आणि त्यातलं नाव प्यारेलाल यांच्या गुरूंचं.

चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे, ट्रम्पेटवाले. सी. रामचंद्र यांच्याबरोबर 'अलबेला' (१९५१) मध्ये त्यांनी जो लॅटिन बाज आणला त्याने 'शोला जो भडके' आजही ताजं वाटतं. त्या सिनेमात ते बँडसकट पडद्यावरही दिसतात. फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवाले, त्यांनी 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी सिनेमे काढले.

मराठीत अनिल मोहिले आणि पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स ही या कामातली ठळक नावं. मोहिल्यांनी अरुण पौडवालांसोबत अनिल-अरुण या नावाने 'अष्टविनायक' (१९७९) सारखे सिनेमे केले. १९८० च्या दशकात सिंथेसायझर आणि मल्टीट्रॅक रेकॉर्डिंग आलं, वादक एकेकटे येऊन वाजवून जायला लागले, आणि व्हायोलिनचे मोठे ताफे हळूहळू मोडले.