पॅरिसचे 20 नंबर कुठून आले? आधी जकात, मग भिंत, मग पत्ता

पॅरिसमधे कोणाला कुठे राहता विचारलं तर बरेचदा एरियाच्या नावाआधी नंबर ऐकू येतो, अकराव्यात, अठराव्यात, विसाव्यात असं. हे नंबर म्हणजे आरोंदिसमाँ, साधारण आपल्या वॉर्डासारखा प्रकार, एकूण 20. नकाशावर बघाल तर 1 नंबर मधोमध लूव्रपाशी आणि तिथून गोगलगायीच्या शंखासारखे गोल फिरत फिरत बाहेर जातात. टुरिस्ट माहितीत बहुतेक एवढंच लिहिलेलं असतं, पण मला विचाराल तर हे शहर समजून घ्यायचं असेल तर नंबर जरा बाजूला ठेवून आधी जकात बघा.

जकात म्हणजे तीच हो, जिच्यासाठी मुलुंड चेकनाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या आणि जी मुंबईत 2017 ला जीएसटी आल्यावर गेली. आपण तिला ऑक्ट्रॉय म्हणायचो तो शब्दच मुळात फ्रेंच.

तर झालं काय, अठराव्या शतकात फ्रान्सच्या राजासाठी कर गोळा करायचं कंत्राट काही श्रीमंत लोकांकडे असायचं, आणि पॅरिसमधे येणाऱ्या वाइनवर, सरपणावर, जनावरांवर जकात होती पण लोक चोरवाटांनी माल आत आणायचे. मग या कंत्राटदारांपैकीच एकाने सुचवलं की शहराभोवती भिंतच घालू. हा कंत्राटदार म्हणजे लाव्हाझिए, आपण शाळेत ज्याचं नाव ऑक्सिजनच्या धड्यात वाचलं तोच केमिस्ट! 1784 पासून भिंत उठायला लागली, जवळजवळ 24 किलोमीटर, शत्रूला अडवायला नाही, फक्त कर चुकू नये म्हणून. वर लदू नावाच्या आर्किटेक्टने नाक्यांच्या इमारती अशा बांधल्या, खांब, घुमट, कमानी, की देवळंच वाटावीत. एकीकडे लोकांना ब्रेड परवडत नव्हता आणि दुसरीकडे हे, त्यामुळे जुलै 1789 मधे, राज्यक्रांतीच्या सुरुवातीला, बास्तीयचा तुरुंग-किल्ला पडायच्या एकदोन दिवस आधीच लोकांनी हे नाके जाळायला सुरुवात केली होती. लाव्हाझिएला 1794 मधे बाकीच्या कंत्राटदारांबरोबर गिलोटिनवर चढवलं. नाक्यांच्या चार ठिकाणच्या इमारती आजही उभ्या आहेत, त्यातली ला व्हिलेतची गोल इमारत सगळ्यात देखणी, आणि मेट्रोच्या लाइन 2 आणि लाइन 6 बऱ्याच अंशी त्या भिंतीच्या जागेवरूनच धावतात.

आता भिंतीच्या आत वाइन महाग आणि बाहेर स्वस्त, म्हणजे रविवारी लोक कुठे जाणार? बाहेरच. बेलव्हिल, मोंमार्त्र ही तेव्हा टेकडीवरची गावं, द्राक्षमळे आणि पवनचक्क्या असलेली, तिथे बागेत बसून प्यायचे, नाचायचे अड्डे निघाले. मोंमार्त्रच्या कॅबरेंचं, रात्रीच्या मौजमजेचं नाव आज जगभर आहे, त्याची एक मुळी या स्वस्त वाइनपर्यंत जाते. शिवाय घरभाडं कमी, म्हणून कामगारही तिकडेच राहायला लागले.

मग 1841 ते 1844 मधे आणखी बाहेरून दुसरी भिंत आली, ही मात्र खरी लष्करी तटबंदी, आणि ही सगळी गावं दोन भिंतींच्या मधे सापडली. शेवटी फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने 1 जानेवारी 1860 ला सगळं पॅरिसमधे घेतलं, 11 गावांचा स्वतंत्र कारभारच संपला आणि आणखी काही गावांचे तुकडे आत आले. शहर दुपटीहून मोठं झालं, 1856 च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोक होते ते 1861 मधे जवळजवळ 17 लाख. आणि जकात? ती आता नव्या हद्दीवर गेली, म्हणजे बेलव्हिलची स्वस्त वाइन संपली.

1795 पासून 12 आरोंदिसमाँ होते, ते आता 20 झाले आणि नंबर नव्याने पाडायची वेळ आली. पहिल्या योजनेत 13 नंबर पश्चिमेच्या पासी या श्रीमंत भागाला जात होता आणि तिथले लोक पेटले, कारण भाग 12 च असताना 'तेराव्याच्या कचेरीत लग्न लावलंय' याचा अर्थ लग्न न करता एकत्र राहतात असा होता. पासीच्या मेयरनेच शंखासारख्या गोल क्रमाची कल्पना मांडली, त्यामुळे पासीला 16 मिळाला आणि 13 गेला आग्नेयेच्या गरीब कामगार वस्तीला, ज्यांना कोणी विचारलं नाही. सोळावा म्हणजे श्रीमंती हे समीकरण आजही तसंच आहे.

बेलव्हिलच्या बाबतीत तर मला खरंच वाईट वाटतं. एवढं जिवंत गाव, त्याचे दोन तुकडे करून एक 19 मधे टाकला, एक 20 मधे. त्याच काळात सम्राटाचा अधिकारी ओसमान शहराच्या मधल्या जुन्या वस्त्या पाडून बुलेव्हार म्हणजे रुंद रस्ते काढत होता, तिथून उठलेले गरीब याच टेकड्यांवर आले, आणि 1871 च्या कम्यूनची, म्हणजे सरकारविरुद्धच्या पॅरिसकरांच्या उठावाची, ठिणगी मोंमार्त्रवर पडली, शेवटचे बॅरिकेड बेलव्हिलच्या आसपास लढले गेले. पेर लाशेज दफनभूमीच्या भिंतीपाशी 28 मे ला कम्यूनच्या बाजूने लढणाऱ्या 147 जणांना गोळ्या घातल्या. ही दफनभूमी विसाव्यातच आहे.

अठराव्यातलं ला शापेलही असंच आत घेतलेलं गाव, नंतर रेल्वे यार्ड आणि कामगारांचं. श्रीलंकेतल्या युद्धामुळे आलेले तमिळ लोक गार दु नॉर हे रेल्वे स्टेशन आणि ला शापेलच्या आसपास स्थिरावले, त्यांचं गणपतीचं देऊळ आहे तिथे आणि दरवर्षी गणेश चतुर्थीच्या सुमाराला रथयात्रा निघते, रस्त्यावर नारळ फोडतात. पद्धत आपल्यापेक्षा वेगळी, पण त्या गर्दीत मराठी माणसाला परकं वाटणार नाही.

मधल्या भागाचं थोडक्यात सांगायचं तर 2020 मधे पहिले चार आरोंदिसमाँ कारभारासाठी एकत्र केले, नाव पारी सांत्र, पण पोस्टाचे पिनकोड 75001 ते 75004 तसेच ठेवले.

दुसरी भिंत 1919 पासून पाडायला घेतली, तिच्या जागी लाल विटांच्या स्वस्त भाड्याच्या इमारती आल्या आणि बाहेरच्या मोकळ्या पट्ट्यावर, जिथे झोपड्या होत्या, पुढे पेरिफेरिक हा 35 किलोमीटरचा रिंग रोड झाला, 1973 मधे पूर्ण. हद्द आजही साधारण तीच. 1860 ची रेघ जरा आणखी बाहेरून ओढली असती तर मोंत्रय, पाँतँ ही गावंही पॅरिसच झाली असती. आज रिंग रोड ओलांडला की तिथे मेयर वेगळा, महापालिका वेगळी, आणि पत्त्यातला 75 जाऊन 93 येतो.