न्यूझीलंडला ज्वालामुखीच्या पट्ट्यात ट्राउट धरायला जायचंय? कोल्हापुरातनं काय काय कागदं लागतात बघा

पंचगंगेला गळ टाकून बसणारे आपल्याकडं लै आहेत, पण हल्ली टाउपोला फ्लाय फिशिंगला, म्हणजे गळाला पिसांची खोटी माशी लावून मासे धरायला, कसं जायचं म्हणून पण लोक विचारायला लागलेत. टाउपो तलाव म्हणजे ज्वालामुखीचं तोंडच, 616 चौरस किमी पाणी, शेवटचा मोठा स्फोट साधारण 1800 वर्षांपूर्वीचा. आपला पन्हाळा पण लाव्हाचाच, पण तो कवाच थंड झालाय, तिकडची जमीन अजून गरम आहे. असो, आता कागदांचं बोलू.

आधी पासपोर्ट. अर्ज ऑनलाइन, आपला जिल्हा पुणे पासपोर्ट ऑफिसखाली येतो, 36 पानी साध्याची फी 1500 रुपये, नंतर पोलीस व्हेरिफिकेशन. ज्यांच्याकडं आहे त्यांनी तारीख बघा, तिकडनं परत निघायच्या दिवसानंतर पण 3 महिने तरी व्हॅलिड पाहिजे.

खरा घोळ व्हिसाचा. भारतीय पासपोर्टवर नुसत्या ईटीएवर, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगीवर, जाता येत नाही, व्हिजिटर व्हिसाच लागतो, अर्ज इमिग्रेशन न्यूझीलंडच्या साईटवर. पैसे दाखवायचे ते महिन्याला माणशी 1000 न्यूझीलंड डॉलर, राहायचं आधीच भरलं असेल तर 400. परतीचं तिकीट किंवा ते काढायला पुरतील एवढे पैसे, आणि तुम्ही परत येणार याचा पुरावा. नोकरीवाल्यांचं सोपं आहे, पगाराच्या स्लिपा, रजा मंजूर झाल्याचं पत्र, इन्कम टॅक्स रिटर्न, झालं. शेतकऱ्याचं मात्र सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, सगळं मराठीत, आणि 26 मे 2025 पासून इंग्रजी भाषांतर जोडल्याशिवाय असली कागदं चालत नाहीत. ते पण स्वतः नाहीतर घरातल्या इंजिनिअर पोरानं केलेलं नको, बाहेरच्या भाषांतरकाराकडनंच करून घ्या, त्यानं कोण आहे, काय पात्रता आहे ते लिहून दिलं पाहिजे. आणि उसाचं बिल एकदम खात्यावर पडतं, स्टेटमेंटमध्ये ती रक्कम उठून दिसते, म्हणून त्याच बिलाची प्रत शेजारी लावा आणि दोन ओळीत पैसे कुठनं आले ते लिहा. एजंट हे सांगत नाहीत, त्यांना फी घ्यायची घाई. 1 ऑक्टोबर 2024 पासून व्हिसाबरोबर पर्यटकांची 100 न्यूझीलंड डॉलरची लेव्ही (कर) पण भरावी लागते, बजेटमध्ये धरा.

आता मासेमारीचं लायसन्स, याला व्हिसासारखी कटकट नाही, ऑनलाइन मिळतंय. पण टाउपोचं लायसन्स वेगळं, ते डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन देतं, आणि बाकी देशाचं फिश अँड गेम नावाची संस्था देते. एकावर दुसरीकडं गळ टाकता येत नाही, म्हणजे रोटोरुआच्या तळ्यांवर पण जाणार असाल तर दोन्ही घ्या. एका दिवसाचं मिळतं, आठवड्याचं मिळतं, सीझनचं मिळतं, पण टाउपोचा सीझन 1 जुलै ते 30 जून असतो, तवा जूनच्या शेवटी तिथलं सीझनचं काढू नका, पैसे पाण्यात. आपला पावसाळा म्हणजे तिकडचा हिवाळा, त्याच वेळी रेनबो ट्राउट अंडी घालायला टाउपोला मिळणाऱ्या टोंगारिरो नदीत वर चढतात, गर्दी तेव्हाच. काही भागात फक्त फ्लायच चालते, गांडूळ-बिंदूळ लावायचं नाही, नकाशा बघून उतरा. लायसन्स कायम खिशात पाहिजे, तिथले अधिकारी नदीवर येऊन तपासतात.

विमानतळावर सगळ्यात जास्त भानगड बुटांची होते. ट्रॅव्हलर डिक्लेरेशन, म्हणजे बरोबर काय काय आणलंय ते सांगायचा फॉर्म, निघायच्या आधी 24 तासात ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साईट असेल तर ती बोगस. वापरलेला रॉड, वेडर (पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ पँट), पिसांच्या माश्या, सगळं त्यात लिहायचं. 2004 साली दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं तवापासनं ते लोक लै कडक झालेत, फेल्ट (जाड लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे बूट नदीत घालायला बंदीच आहे, म्हणून रबर तळाचेच घ्या आणि घरीच घासून, चिखलाचा कण राहणार नाही असं धुऊन, कोरडे खणखणीत करून पॅक करा. ओलसर दिसले तर अडवतात. कांदा-लसूण चटणीची पिशवी पण लिहा, लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे, चटणी कितीला पडली बघा.

आणि एक, तिकडं ट्राउट विकायला-विकत घ्यायला कायद्यानं बंदी आहे, हॉटेलात मागून मिळणार नाही. स्वतः धरला तरच खायचा, आणि किती धरायचे, किती लांबीच्या वरचा ठेवायचा ते त्या वर्षीच्या नियमात बघून घ्या, लहान असला तर तिथंच सोडायचा.