निष्ठा नंतर, आधी हिशोब: एकाच नोकरीतून रिटायर होण्यामागची गोष्ट

कुणी तीस-पस्तीस वर्षं एकाच ठिकाणी सर्व्हिस करून रिटायर झालं की निरोपाच्या भाषणात निष्ठा येणार म्हणजे येणारच, "उभं आयुष्य इथे काढलं" वगैरे. काढलं हे खरंच आहे. पण माणसं एवढी वर्षं एका जागी का टिकली हे शोधत मागे मागे गेलं तर निष्ठा बरीच उशिरा भेटते, आधी भेटतो तो हिशोब, आणि तो बहुतेक वेळा मालकानेच असा मांडलेला असतो की मधेच उठून जाणं परवडू नये.

जुना आणि ठळक नमुना म्हणजे रोमन सैन्य. सम्राट ऑगस्टसने इ.स. ५ मध्ये ठरवून टाकलं की लीजनमधल्या, म्हणजे सैन्याच्या मुख्य पलटणीतल्या, सैनिकाने २० वर्षं नोकरी केली की त्याला एकरकमी १२,००० सेस्टर्स (रोमन नाणी) मिळणार, म्हणजे साधारण १३ वर्षांचा पगार एका फटक्यात, आणि त्यासाठी पुढच्याच वर्षी सैन्याचा वेगळा खजिना काढून वारसाहक्काच्या मालमत्तेवर ५ टक्के कर बसवला. कागदावर झकास. पण सैनिकाला सोडलं की एवढे पैसे मोजावे लागणार, त्यामुळे सोडायचंच नाही असं सुरू झालं आणि इ.स. १४ मध्ये ऑगस्टस गेल्या गेल्या सरहद्दीवरच्या फौजांनी बंड केलं, तेव्हा एक मोठी तक्रार हीच होती की तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षं झाली, म्हातारे झालो, तरी मोकळं करत नाहीत. हक्काचे पैसे लांबवायची खोड तेवढी जुनी आहे तर.

त्यानंतर कित्येक शतकं सामान्य माणसाच्या वाट्याला रिटायरमेंट असा प्रकारच नव्हता, हातपाय चालतात तोवर काम आणि मग पोरंबाळं बघतील तसं. सरकारी खात्यातही नियम नव्हते, लंडन बंदरातल्या एका कस्टम्स अधिकाऱ्याला १६८४ साली काम झेपेना तेव्हा तोड अशी काढली की त्याच्या जागी जो येईल त्यानेच आपल्या पगारातला निम्मा भाग या म्हाताऱ्याला द्यायचा. म्हणजे नव्या माणसाने काम पूर्ण करायचं, पगार अर्धा घ्यायचा आणि आधीचा कधी एकदा वर जातोय याची वाट बघत बसायची.

खरी मेख आली ती ब्रिटनच्या १८५९ च्या सुपरअॅन्युएशन कायद्याने, म्हणजे सरकारी नोकरांच्या पेन्शनच्या कायद्याने. सूत्र एकदम सोपं होतं, सर्व्हिसच्या प्रत्येक वर्षामागे पगाराचा साठावा हिस्सा, असे जास्तीत जास्त ४० हिस्से, म्हणजे ४० वर्षं काढली की पगाराच्या दोन-तृतीयांश पेन्शन. दहा वर्षं पूर्ण नसतील तर पेन्शन नाही. आता विसाव्या वर्षी कारकून म्हणून चिकटलेला माणूस डोळ्यासमोर आणा. पस्तिशीत त्याच्या नावावर १५ हिस्से जमलेत, बाहेर कुणी जास्त पगार देतोय, पण राजीनामा दिला की ते १५ च्या १५ गेले, कारण पेन्शन साठी गाठल्यावर किंवा तब्येतीने पार हात टेकले तरच. शिवाय हिशोब शेवटीशेवटीच्या पगारावर, आणि पगार वर्षागणिक वाढणार, त्यामुळे प्रत्येक नवीन वर्ष आधीच्यापेक्षा जास्त किमतीचं. तो जातोय कशाला! पंचेचाळिशीनंतर तर जायचा विचारसुद्धा येत नाही, आणि मग साठीला त्याच्या चाळीस वर्षांच्या निष्ठेबद्दल भाषण होतं. जगभरच्या सरकारी नोकऱ्यांत पुढे याच जातीची सूत्रं आली.

खासगीत ही कल्पना पहिल्यांदा उचलली ती रेल्वे आणि तिच्या आसपासच्या कंपन्यांनी. अमेरिकन एक्स्प्रेस तेव्हा माल पोहोचवणारी कंपनी होती, तिने १८७५ मध्ये योजना काढली, ६० वय आणि २० वर्षं सर्व्हिस पाहिजे, माणूस काम करून थकलेला पाहिजे, मॅनेजरची शिफारस आणि वर संचालकांची मंजुरीही पाहिजे, म्हणजे हक्क म्हणून काही नाही, साहेब खूश असतील तर. पेनसिल्व्हेनिया रेलरोडची १९०० ची योजना जास्त बोलकी आहे, वयाच्या सत्तरीला सक्तीने रिटायर, सर्व्हिसच्या प्रत्येक वर्षामागे पगाराचा १ टक्का, आणि सोबत दुसरा नियम असा की ३५ च्या वरच्या माणसाला नव्याने घ्यायचंच नाही. याचा अर्थ नीट बघा. एकदा पस्तिशी ओलांडली की असा नियम लावणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं दार बंद, आणि आहे तिथून निघालो तर जमलेलं पाण्यात. त्यात कोर्टही बाजूने नाही, न्यूयॉर्कच्या कोर्टाने १८९८ मध्ये सॉल्व्हे प्रोसेस कंपनीच्या केसमध्ये सरळ सांगितलं की असा फंड ही मालकाने दिलेली भेट आहे, कामगाराचा हक्क नाही.

जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचं नाव इथे काढावंच लागतं, कारण ६५ हे रिटायरमेंटचं वय त्याने स्वतःच्या वयावरून ठरवलं ही कथा सगळीकडे फिरते. ते काही खरं नाही. जर्मनीच्या १८८९ च्या कायद्यात वय ७० होतं, ६५ झालं १९१६ मध्ये, आणि कायदा झाला तेव्हा बिस्मार्क स्वतः ७४ चा होता. पुढच्याच वर्षी तरुण कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, त्याला घरी बसवलं, तेही त्याची इच्छा नसताना.

एकाच कंपनीला धरून राहणं हा मुळात माणसाचा स्वभाव वगैरे नाही हे बघायचं तर फोर्डचा कारखाना बघावा. १९१३ मध्ये तिथे माणसं इतकी सोडून जात होती की वर्षभराची गळती ३७० टक्क्यांच्या घरात गेली, म्हणजे १०० जागा भरलेल्या ठेवायला वर्षात साडेतीनशेच्या वर माणसं घ्यावी लागत होती, आणि मग जानेवारी १९१४ ला दिवसाला ५ डॉलर जाहीर झाले. जपानमध्येही तेच, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले कुशल कामगार एका कारखान्यातून दुसऱ्यात बिनधास्त उड्या मारायचे. त्यांना बांधून ठेवायला मोठ्या कंपन्यांनी सर्व्हिसप्रमाणे वाढणारा पगार आणि शेवटी एकरकमी मोठी रक्कम असं सुरू केलं, दुसऱ्या महायुद्धानंतर मोठमोठे संप झाले आणि ते आणखी घट्ट बसलं. जपानी माणूस मुळातच कंपनीनिष्ठ असतो असं जे सांगतात त्यांनी हे आधीचं प्रकरण बघितलेलं नसतं.

सक्तीची रिटायरमेंटही याच हिशोबाचा भाग. एडवर्ड लेझियर या अर्थतज्ज्ञाने १९७९ मध्ये हे छान उलगडून दाखवलं, तरुणपणी कामाच्या मानाने पगार कमी द्यायचा, उतारवयात जास्त द्यायचा, माणूस त्या पुढच्या पैशांच्या आशेने नीट काम करत राहतो, पण मग कधीतरी हे थांबवायलाच लागतं कारण जास्त पगार कायम देणं परवडत नाही, म्हणून तारीख आधीच ठरलेली.

पण या सौद्यात एक गृहीत धरलेलं होतं, की कंपनी तोवर जिवंत असणार. डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर या मोटार कंपनीने अमेरिकेतला साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि पेन्शन फंडात पुरेसे पैसेच नाहीत हे उघड झालं. जे रिटायर झालेले किंवा साठी गाठलेले होते अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. ४० ते ५९ वयाच्या आणि दहा वर्षांवर सर्व्हिस झालेल्या सुमारे ४,००० जणांच्या हातात हक्काच्या रकमेतले १५ टक्क्यांच्या आसपास पडले, आणि त्यांची सरासरी सर्व्हिस २० वर्षांच्या वर होती. बाकीच्यांना शून्य. ५९ आणि ६० मध्ये एवढा फरक! या प्रकरणाचा धुरळा दहा वर्षं बसला नाही, १९७४ मध्ये अमेरिकेत एरिसा कायदा आला, ठराविक वर्षं भरली की पेन्शनचा हक्क पक्का, मग नोकरी सोडली तरी, आणि फंड बुडला तर भरपाईसाठी सरकारी विमा.

त्यातून एक गोष्ट घडली जी फारशी बोलली जात नाही. हक्क पक्का झाला, फंडात पैसे ठेवायची सक्ती आली, तसतशी ही योजना मालकाला महाग पडायला लागली. १९७८ च्या अमेरिकन करकायद्यात ४०१ के नावाचं एक कलम होतं, फार कुणाचं लक्ष नसलेलं, त्याचा आधार घेऊन पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी प्रत्येकाचं स्वतःचं खातं काढून द्यायला सुरुवात केली, नोकरी बदलली की खातं सोबत. बाजार पडला तर तोटा ज्याचा त्याचा. बांधून ठेवणारी दोरी मालकानेच सोडली, कारण आता त्याला ती परवडत नव्हती.

जपानात गाडी उलट्या बाजूने अडकली आहे. तिथे आधी ५५ ला रिटायर करायचे, १९९८ पासून ६० च्या आत करता येत नाही, नंतर ६५ पर्यंत काम देणं कंपनीवर बंधनकारक केलं आणि २०२१ पासून ७० पर्यंत प्रयत्न करा असा कायदा आहे. मग कंपन्यांनी मार्ग काढला, साठीला रीतसर रिटायर करायचं आणि त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी कमी पगारावर कॉन्ट्रॅक्टने परत घ्यायचं. काही ट्रक ड्रायव्हर यावर कोर्टात गेले, काम तेच, गाड्या त्याच, पगार मात्र जवळजवळ २० टक्क्यांनी कमी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला की रिटायर झालेल्याला पगारात इतका फरक चालू शकतो, फक्त रोज हजर राहण्याचा जो भत्ता आहे तेवढा त्यांनाही द्या.