क्लोरोफिलेज

वनस्पतींच्या पानांत व काही फळांच्या सालीत आढळणारे विकर, म्हणजे एन्झाइम (विकरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील क्रमांक ई.सी. ३.१.१.१४). हरितद्रव्याच्या रेणूला फायटॉल ही २० कार्बनांची शेपटी असते. क्लोरोफिलेज ती पाण्याच्या साहाय्याने तोडते. उरणारे क्लोरोफिलाइड हिरवेच असते, मात्र पाण्यात मिसळण्याकडे त्याचा कल वाढतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी विलस्टेटर व श्टोल या रसायनशास्त्रज्ञांनी याचे वर्णन केले. पान पिवळे पडण्याची पहिली पायरी हीच, असे पुढे बराच काळ शिकवले गेले. १९९९ मध्ये त्याची जनुके हाती आली आणि मत बदलू लागले: अरेबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपातील दोन्ही जनुके निकामी केली तरी पाने पिवळी पडतच राहिली. २००९ मध्ये फिओफायटिनेज हे दुसरे विकर सापडले. पिकत्या पानात आधी हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघते, मग फिओफायटिनेज फायटॉल तोडते. लिंबूवर्गीय फळांची साल इथिलीन वायूने पिवळी होते, तिथे मात्र क्लोरोफिलेजचा हात आहे. अळीने कुरतडलेल्या पानात तयार होणारे क्लोरोफिलाइड अळीला बाधते, असेही दिसले आहे.

पुण्यातल्या महाविद्यालयांत मंडईतला पालक आणून हरितद्रव्य मोजतात, तिथे या विकराची गाठ हमखास पडते. हरितद्रव्य काढण्यासाठी पान ॲसिटोन या द्रावकात वाटतात; तेव्हा पेशी फुटतात आणि ॲसिटोनचे प्रमाण निम्म्यावर असले तरी विकर काम करत राहते. गंमत अशी, की मोजणी ज्या तरंगलांबींवर होते त्या ६६३ व ६४५ नॅनोमीटरला क्लोरोफिलाइड हरितद्रव्याइतकाच प्रकाश शोषते, म्हणून आकडा बरोबर दिसतो आणि बिघाड लपून राहतो. तपासायचे तर अर्कात हेक्झेन (पाण्यात न मिसळणारे द्रावक) घालून हलवावे: हरितद्रव्य वरच्या हेक्झेनात जाते, क्लोरोफिलाइड खालच्या पाणीमिश्रित ॲसिटोनमध्ये उरते. खालचा थर हिरवागार दिसला, तर अर्क बिघडला. टाळायचे तर पान ताजे घ्यावे, बर्फगार ८० टक्के ॲसिटोन वापरावे (पानातले पाणी धरून), चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट टाकावे आणि मंद उजेडात उरकावे. पान क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवले, तर विकर निकामीच होते.

स्वयंपाकघरातही हेच. पालक ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात रेंगाळला की विकर उलट चेकाळते. खळखळत्या पाण्यात मिनिटभर ठेवल्यास निपचित पडते. भांड्यावर झाकण मात्र ठेवू नये: कोंडलेली आम्ले मॅग्नेशियम काढून टाकतात आणि भाजी तपकिरी पडते.