जोरात मारलं म्हणजेच सराव खरा?

‘रोज पूर्ण ताकदीने ठोसे मारले-खाल्ले तरच लढायची तयारी होते’ हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कराटे-बॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर फिरत असतो.

त्यात अर्धं खरं आहे. जोडीदार नुसता हात पुढे करून उभा राहिला तर डाव पाठ होतो, लढता येत नाही. पण तिथे उणीव जोराची नसते, विरोधाची असते. समोरचा कधी, कुठून येईल हे ठाऊक नसलं की अंतर आणि वेळ साधायची सवय लागते, आणि ती हलक्या हातानेही लागते.

तालमीत पैलवान अंग राखत नाहीत, कबूल. पण कुस्तीत ठोसा नाही, खाली माती मऊ. 1882 मध्ये सुरू झालेल्या ज्युदोनेही घातक डाव मुक्त सरावातून वगळले, म्हणून तर तिथे पूर्ण विरोध करता येतो. डोक्यावरच्या ठोशाचं तसं नाही. हेल्मेटने कातडी फाटणं कमी होतं. आत मेंदू हलायचा तो हलतोच.

पडताळायचंय? जोडीदाराला सांगा, ‘हलकं मार, पण माझा डाव लागू देऊ नको.’ एक फेरी मोबाईलवर घ्या आणि हातखंडा डाव किती वेळा लागला ते मोजा. स्पर्धा जवळ आली की जोर वाढवा, तोही अधूनमधून आणि वस्तादांसमोर. डोकं गरगरलं तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवा.