छातीत कळ आली: ॲस्पिरिन चावायची की सॉर्बिट्रेट जिभेखाली?

घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं की पहिली हाक येते, "सॉर्बिट्रेट कुठाय?" शेजारचे काका स्वतःच्या खिशातली स्ट्रिप काढतात आणि गोळी त्या माणसाच्या जिभेखाली जाते. ॲस्पिरिन कुणाला आठवत नाही, आणि आठवलीच तर तीही जिभेखाली ठेवली जाते. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही 'हार्टच्या' आणि औषधाच्या एकाच डब्यात. पण त्यांचं काम वेगळं, द्यायची पद्धत वेगळी आणि धोकेही वेगळे. सोसायटीचा वॉचमन असो की बंदोबस्तावरचा पोलीस, जो आधी पोहोचतो त्याला हा फरक माहीत असलाच पाहिजे.

हार्ट अटॅकमध्ये बहुतेक वेळा हृदयाच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर फाटतो, तिथे प्लेटलेट्स चिकटतात, गुठळी होते आणि पुढच्या स्नायूचं रक्त तुटतं. ॲस्पिरिन या गुठळीशी भिडते. ती प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करते, त्यामुळे गुठळी वाढायला आळा बसतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांमुळे झालेले मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. हजार रुग्णांमागे सुमारे २४ जीव, तेही इतक्या स्वस्त गोळीने! मला हे आजही थक्क करतं.

ही गोळी चावून खायची. इकोस्प्रिनसारख्या ॲस्पिरिनच्या गोळीवर जे आवरण असतं, ते पोटात न विरघळता आतड्यात विरघळावं म्हणूनच दिलेलं असतं. अख्खी गिळली तर हाताशी असलेला वेळ वाया जातो. चावली की आवरण फुटतं. पहिला डोस साधारण ३०० मिलिग्रॅम: ७५ च्या चार किंवा १५० च्या दोन. विरघळणारी गोळी असेल तर थोड्या पाण्यात. स्ट्रिपवर 'ॲस्पिरिन' लिहिलंय ना, हे वाचूनच द्या. क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम दुखणं कमी करतील, पण हे काम करणार नाहीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी, तिच्यामुळे उसळणारा दमा, सुरू असलेला रक्तस्राव, काळी शौच, तोंड वाकडं होणं किंवा एक हात लुळा पडणं, यांपैकी काहीही असेल तर ॲस्पिरिन नको. आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काहीच नको.

सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. ते गुठळीला हातही लावत नाही. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, त्याने मुख्यतः शिरा सैल पडतात, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, हृदयावरचा भार हलका होतो आणि कळ कमी होते. जिभेखाली ठेवायचं कारण म्हणजे तिथून औषध थेट रक्तात जातं. गिळल्यावर बरंचसं यकृतातच संपतं.

पण भार हलका होतो तसं बीपीही खाली येतं, आणि गोंधळ इथेच होतो. घामाने भिजलेला, जिन्यात बसलेला माणूस समोर आहे. मशीनवर वरचा आकडा ८४ दिसतोय, आणि तरीही कुणीतरी त्याच्या जिभेखाली गोळी सरकवतंय. ही गोळी त्याला बेशुद्ध पाडू शकते. हृदयाच्या उजव्या कप्प्याला अटॅक आला असेल तर ते परत येणाऱ्या रक्तावरच तगून असतं, आणि ईसीजीशिवाय जिन्यात हे ओळखता येत नाही. वायग्रासारखी गोळी मागच्या २४ तासांत, किंवा त्याच प्रकारची टाडालाफिल ४८ तासांत घेतली असेल, तर बीपी धोकादायकरीत्या कोसळतं. हा प्रश्न बायकामुलांसमोर विचारू नका, त्या माणसाच्या कानाशी विचारा. पण विचाराच.

म्हणून माझं स्पष्ट मत: शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट नको. डॉक्टरांनी त्या रुग्णाला स्वतःला लिहून दिली असेल, वरचं बीपी १०० च्या पुढे असेल आणि तो बसलेला असेल, तरच ती घ्यायला मदत करा.

आणखी एक फसगत. सॉर्बिट्रेटने कळ थांबली म्हणजे अटॅक टळला, असं नाही. अन्ननलिकेच्या पेटक्यालाही तिने आराम पडतो, आणि गुठळी जागेवर असतानाही दुखणं उतरू शकतं. १९९५ च्या आयसिस-४ मध्ये याच कुळातलं औषध महिनाभर पोटातून दिलं गेलं. ५८ हजारांवर रुग्ण होते, तरी मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. तेव्हा "आता बरं वाटतंय, उद्या दाखवू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

१०८ ला फोन सगळ्यात आधी, गोळ्या शोधणं नंतर. गाडी येईपर्यंत कागदावर लिहा: दुखणं कधी सुरू झालं, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, सॉर्बिट्रेटच्या आधी आणि नंतर बीपी किती. तो कागद आणि रिकामी स्ट्रिप गाडीतल्या डॉक्टरांच्या हातात द्या.